दिवेलागणीचा पाठ

आमच्या नागभीडकडे पोरांना देव शिकवायचा वेगळा तास नसतो. दिवेलागणीच्या आत अंगण झाडून होतं, तुळशीपाशी दिवा लागतो आणि गुरुदेवभक्तांच्या घरी, नाहीतर गावच्या मंडळात, सामुदायिक प्रार्थना सुरू होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून माझी नोकरी झाली. पण नातवंडांचा हा पाठ फळ्यावर होत नाही.

ही प्रार्थना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली. पहाटे ध्यान, सांजेला प्रार्थना. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावतीकडच्या यावलीचा, आश्रम मोझरीला. पण आमचा झाडीपट्टीचा मुलूख त्यांना परका नव्हता. चिमूर तालुक्यातलं गोंदेडा आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखलं जातं. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर पेटलं तेव्हा इंग्रजांनी त्यांनाही तुरुंगात टाकलं. खंजिरीवर भजन म्हणणारा माणूस सरकारला जड झाला होता! त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय. त्यात प्रार्थना आहे, तशीच गावसफाईही आहे. म्हणून आमच्या घरी आधी झाडू, मग दिवा.

प्रार्थनेला समोर एक आसन मांडतात. त्यावर धुतलेलं वस्त्र अंथरतात. मूर्ती नसते. धाकट्या नातवाला हे काही पटेना.

‘‘आजी, इथं तं कोणीच नाही बसलं?’’

म्हटलं, ‘‘साऱ्यांसाठी मांडलं बाबू. एकाचाच देव बसवला, तं बाकीच्यांचा कुठं बसवू?’’

तो थोडा वेळ आसनाकडे बघत राहिला. मग विचारलं, ‘‘आपला गणपती रुसणार नाही?’’ नाही म्हटल्यावर मांडी घालून बसला. देव्हाऱ्यातला गणपती आहेच, त्याला रोज फूल वाहतोच आम्ही. पण देव आपल्या देव्हाऱ्यात मावून संपत नाही, हे पोराच्या मनात शिरायला ते मोकळं आसन फार कामी येतं.

दुसरा पाठ पोळ्याचा. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे हळद-तूप लावून चोळायचे आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, पाहुण्याला देतात तसं. माझ्या नातीनं पहिल्यांदा तो घट्टा बोटानं दाबून पाहिला आणि विचारलं, ‘‘दुखते का त्याले?’’ धानाच्या बांधीत चिखल कोणी तुडवला, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकांचे लाकडी बैल बेगड लावून, सजवून पोरं घरोघर नेतात, ओवाळून घेतात, बोजारा मिळवतात. खाऊच्या लोभानं का होईना, पूजा पोरांच्या हाती येते. आता बांधीत ट्रॅक्टर आला, तरी लाकडी बैल काही सुटला नाही.

वयाप्रमाणे काम द्यावं. तीन-चार वर्षांच्या लेकरानं फुलं तोडावी. शाळेत जाणाऱ्यानं आसन मांडावं, खंजिरीवर हात बसवावा. मोठ्या पोरांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. आणि ‘‘देव शिक्षा करीन’’ ही धमकी घरातून हद्दपार करावी. भीतीनं हात जोडणारं पोर भीती गेली की हात सोडते.

सुट्टीत नागपूर-पुण्याहून आलेले लेक-सुना म्हणतात, ‘‘आई, तुम्ही शिकवा यांना, तुमच्याजवळ छान बसतात.’’ मी त्यांनाच मोबाइल ठेवून सतरंजीवर बसवते. आजी एकटीच बसली, तर प्रार्थना हे म्हाताऱ्यांचं काम आहे, एवढंच पोरं शिकतील.