हळदीचं बेणं ढिगातच का सडतं?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हा वाण टिकतो तो शेतकऱ्याने जपलेल्या बेण्यावर.

हळद बी पेरून नव्हे, कंद लावून घेतात. काढणीनंतर राखलेले कंद पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या लागवडीपर्यंत, म्हणजे भर उन्हाळ्यात, सांभाळावे लागतात. कंदकुजीचा धोका इथेच असतो.

कंद का कुजतो?
साठवलेला कंद जिवंत असतो. त्याच्या श्वसनातून उष्णता आणि ओलावा बाहेर पडतो. ढीग कोंदट असेल तर दोन्ही आतच साचतात. मग काढताना कुदळ लागलेल्या जखमेतून फ्युजेरियमसारखी बुरशी शिरते. कंद मऊ पडतो, त्याला घाण वास येतो आणि सड शेजारच्या कंदांत पसरते. वरून बरा दिसणारा रोगट कंद लावला, तर रोग शेतातही पोहोचतो.

काय करावं?
- जखमी, मऊ कंद आधीच वेगळे काढा.
- ढीग सावलीत, हवेशीर जागी करून हळदीच्या सुक्या पाल्याने झाका.
- ढिगावर पाणी मारू नका.
- लागवडीआधी कंद पुन्हा निवडा, बेणेप्रक्रिया करा.

बाजारातून दुसरं बेणं मिळेल. पण ते वायगावचंच असेल, याची खात्री नाही.