बालाघाटला मुक्काम कुठे करावा? लहान, स्वतंत्र हॉटेल निवडताना घ्यावयाची दक्षता

मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा बेत आखणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना बालाघाट हे नाव प्रथम नकाशावर भेटते. नागपूरहून गोंदिया, गोंदियाहून बालाघाट आणि तिथून अरण्याकडे असा हा मार्ग. संगणकावर ‘कान्हाजवळील हॉटेल’ असा शोध घेतला की बालाघाट शहरातील खोल्याही यादीत येतात, त्यांचे दर अरण्यातील रिसॉर्टच्या तुलनेत बरेच कमी असतात आणि बोट आपसूक ‘आरक्षण करा’ या खुणेवर जाते. मग पहाटेच्या सफारीसाठी मध्यरात्रीनंतर केव्हातरी निघावे लागणार, हे तिथे पोहोचल्यावर कळते. चूक हॉटेलची नसते, मुक्काम कशासाठी हे आधी न ठरवल्याची असते.

मोठ्या साखळीतील हॉटेलांची एक सोय असते. नाव पाहिले की काय मिळणार याचा साधारण अंदाज येतो. बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावी बहुतेक हॉटेले एकाच कुटुंबाच्या मालकीची असतात. त्यांत काही उत्तम, काही सुमार. कोणते कोणत्या वर्गातले, हे ओळखण्याचे काम पाहुण्यालाच करावे लागते. ते अवघड नाही, मात्र त्याला एक क्रम आहे.

गाव आधी समजून घ्यावे

वैनगंगेच्या काठचे हे शहर मूळचे बुढा नावाचे खेडे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा करण्यात आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे आजही इथे हिंदीबरोबर मराठी समजणारी माणसे सहज भेटतात, गावाकडे पोवारी ऐकू येते आणि दूरध्वनीवर ‘भाऊ’ म्हणून विचारपूस केली तर उत्तर अनेकदा मराठीतच मिळते. गोंदियाचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेला गोंदिया-जबलपूर हा अरुंद मार्ग आता ब्रॉडगेज झाल्याने दोन्ही बाजूंनी रेल्वेने येता येते.

हे शहर मुख्यतः व्यापाराचे आणि खाणींचे आहे. भरवेली, उकवा आणि तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत, मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. अशा गावातील हॉटेलांचा मुख्य ग्राहक पर्यटक नसतो. कंपन्यांचे प्रतिनिधी, ठेकेदार, सरकारी कामासाठी आलेले लोक आणि लग्नाचे वऱ्हाड यांच्यावर ती चालतात. गोव्यात शनिवार-रविवारी दर चढतात. व्यापारी गावात आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोल्या भरतात आणि शनिवार-रविवारी मालक दराबाबत बोलायला तयार असतो. ही उलट चाल ध्यानात ठेवली तर बचत होते.

कशासाठी जात आहोत?

पहिला प्रश्न सफारीचा. कान्हा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश झाला. त्याचे क्षेत्र मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात बैहर तालुक्यात येते, खटिया प्रवेशद्वार मंडल्याच्या बाजूला. बालाघाट शहरापासून मुक्की सुमारे ८० किलोमीटर आहे आणि वाटेत घाट व जंगल लागते. सफारीची गाडी सूर्योदयाच्या सुमारास आत सोडतात. त्यामुळे सकाळची सफारी असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम मुक्की किंवा बैहरलाच हवा. सफारीच्या परवान्यावर कोणते प्रवेशद्वार लिहिले आहे ते पाहूनच हॉटेल घ्यावे. खटियाला खोली आणि मुक्कीची सफारी असा घोळ झाला तर उद्यानाबाहेरून मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते आणि बुधवारी दुपारची सफारी नसते, हेही तारखा ठरवतानाच पाहून घ्यावे.

शहरातील मुक्काम वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे. प्रवासाचा शीण काढायला एक रात्र, गांगुलपाऱ्याचा जलाशय व धबधबा, लांजीचा किल्ला, चंदन नदीकाठचे रामपायलीचे राममंदिर, वारासिवनीची हातमागाची वस्त्रे असा कार्यक्रम असेल, तर बालाघाट हेच सोयीचे ठिकाण. एक किंवा दोन रात्री शहरात आणि दोन रात्री मुक्कीला, अशी विभागणी बहुतेकांना मानवते. हा जिल्हा अनेक वर्षे नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत होता. बैहरकडील रस्त्यावर रात्री वन्य प्राणीही येतात. म्हणून अरण्याकडचा प्रवास दिवसाउजेडी करावा आणि रस्त्याची ताजी स्थिती हॉटेलवाल्यालाच विचारावी.

पाटी आणि तारे यांवर विसंबू नये

आपल्याकडे ‘हॉटेल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बालाघाटच्या बाजारातही ‘हॉटेल’ अशी पाटी असलेल्या जागी केवळ चहा-नाश्ता मिळू शकतो आणि राहण्याची सोय ‘लॉज’ या नावाखाली असते. त्यामुळे पाटीवरून दर्जा ठरवता येत नाही.

ताऱ्यांचेही तसेच. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे तारांकन ऐच्छिक आहे आणि लहान गावांतील बहुतेक हॉटेले त्यासाठी अर्जच करत नाहीत. संकेतस्थळावर हॉटेलच्या नावापुढे दिसणारे तीन तारे अनेकदा त्या संकेतस्थळाने किंवा मालकाने स्वतःच लावलेले असतात. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेलांची वर्गवारी होते. तशीच व्यवस्था सर्वत्र असेल, असे गृहीत धरू नये. शिवाय एखाद्या मोठ्या आरक्षण कंपनीची पाटी दर्शनी भागावर झळकत असली, तरी आतले हॉटेल बहुधा स्थानिक मालकाचेच असते. पाटी बदलल्याने गाद्या बदलत नाहीत.

त्याऐवजी पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचावेत, पण तेही विशिष्ट रीतीने. सरासरी गुणांपेक्षा गेल्या सहा महिन्यांतील मजकूर महत्त्वाचा. एकाच गोष्टीची तक्रार तीन-चार जणांनी केली असेल तर ती खरी मानावी. ‘खूप छान’ एवढेच लिहिलेले दहा अभिप्राय सोडून द्यावेत, आणि ‘न्हाणीघरात पाणी तुंबते’ असे सांगणारा एक ध्यानात ठेवावा. छायाचित्रे हॉटेलने दिलेली न पाहता पाहुण्यांनी काढलेली पाहावीत. त्यांत पलंगपोसाचा रंग, भिंतीची ओल आणि खिडकीबाहेरची भिंत लपत नाही.

दूरध्वनीवर विचारायचे प्रश्न

स्वतंत्र हॉटेलचा मोठा लाभ म्हणजे मालक किंवा व्यवस्थापक स्वतः फोन उचलतो. पाच मिनिटांच्या बोलण्यात हॉटेलचा स्वभाव कळतो. पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात.

लग्नाचे लॉन: अनेक हॉटेलांचा निम्मा व्यवसाय आवारातील लॉनवर चालतो. तुळशी विवाहानंतर लग्नसराई सुरू होते आणि पर्यटनाचा हंगामही त्याच सुमारास येतो. तारीख ठरवण्यापूर्वी पंचांगातील विवाहमुहूर्त पाहावेत आणि ‘भाऊ, त्या दिवशी आपल्याकडे लग्न आहे का?’ असे थेट विचारावे. लग्न असेल तर वाजंत्री आणि वरात गृहीत धरून दुसरे हॉटेल शोधावे.

खोली सोडण्याची वेळ: काही लॉजमध्ये आल्यापासून २४ तास मोजतात, काहींत दुपारी १२ ला खोली सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने पोहोचणाऱ्यासाठी हा फरक एका दिवसाच्या भाड्याचा आहे.

गरम पाणी आणि पांघरूण: डिसेंबर-जानेवारीतील थंडीची गोव्यात कल्पना येत नाही. गीझर खोलीत आहे की सकाळी ठरावीक वेळीच पाणी मिळते, जादा रजई देतात का, हे विचारावे. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात साधा कूलरही चांगला गारवा देतो. दमट हवेची सवय असल्याने आपण त्याला कमी लेखतो, पण तिथे वातानुकूलित खोलीचे जादा पैसे वाचू शकतात. वीज गेल्यावर जनित्र चालते का, हेही विचारावे.

जेवण: काही स्वयंपाकघरे पूर्णपणे शाकाहारी असतात. मासळीशिवाय चार दिवस काढणे ज्यांना जड जाते, त्यांनी आधीच चौकशी केलेली बरी. एक गोष्ट मात्र आवर्जून मागावी. बालाघाटच्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो भात घरचाच समजून शिजवणारे स्वयंपाकघर सापडले, तर बाकीचे जेवणही बहुधा चांगलेच असते.

चालकाची सोय: नागपूरहून गाडी केली असेल तर चालकाच्या निजण्याची व्यवस्था आहे का, हे विचारायचे राहून जाते. दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी त्यालाच चालवायची असते.

दर आणि कर

संकेतस्थळावरील दरातून आरक्षण कंपनीचे कमिशन जाते. म्हणून थेट फोन केल्यास मालक अनेकदा काही रक्कम कमी करतो किंवा नाश्ता देतो. हॉटेलने इतरत्र कमी दर देऊ नये अशा अटी घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांवर दंडात्मक कारवाई केली होती. त्यामुळे दराबाबत थेट बोलण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. आगाऊ रक्कम भरताना मात्र सावध असावे. शोधात आलेला क्रमांक बनावट असू शकतो. दोन वेगळ्या ठिकाणी तोच क्रमांक आहे का हे पाहावे आणि पूर्ण रक्कम आधी देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. १,८०० रुपयांच्या खोलीवर ९० रुपये कर, म्हणजे एकूण १,८९० रुपये. देयकात याहून अधिक कर दिसला तर विचारावे. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

खोलीचा दर सुटा पाहू नये. गावाबाहेर ३०० रुपयांनी स्वस्त खोली घेतली आणि दिवसातून दोनदा हनुमान चौकापर्यंत रिक्षा करावी लागली, तर बचत तिथेच संपते.

कागदपत्रे आणि सुरक्षितता

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र लागते. आधार दाखवायचे असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. गोव्यातील अनेक घरांत कोणीतरी पोर्तुगीज पारपत्रधारक असतो. परदेशी पारपत्रावरील पाहुण्याची माहिती हॉटेलने २४ तासांत प्रशासनाला कळवावी लागते. ज्या लहान लॉजना याची सवय नाही, ते ऐनवेळी खोली नाकारतात. रात्री दहा वाजता वृद्ध आईवडिलांसह दारात उभे राहण्यापेक्षा आरक्षणापूर्वीच हा प्रश्न सोडवावा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागातील एका हॉटेलला लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. खोली घेताना दुसरा जिना कुठे आहे, तो मोकळा आहे का आणि खिडकी उघडते का, एवढे दोन मिनिटांत पाहता येते. जिन्यात गाद्या रचून ठेवल्या असतील, तर खोली कितीही देखणी असली तरी परत फिरावे.

देखणेपण कशात शोधावे?

पणजीच्या फोंतेन्हाशमध्ये जुन्या घरांची अतिथीगृहे झाली आहेत. रंगीत भिंती, लाकडी जिने आणि गॅलऱ्या हे त्यांचे वैभव. बालाघाट शहरात तसे काही शोधू गेल्यास निराशा होईल. इथल्या इमारती बहुधा साध्या सिमेंटच्या आहेत. इथे चांगले हॉटेल ओळखायचे ते स्वच्छ चादरीवरून, खिडकीतून येणाऱ्या उजेडावरून आणि सकाळी वैनगंगेच्या कोणत्या घाटावर जावे हे न विचारता सांगणाऱ्या मालकावरून. अरण्याच्या बाजूला घराची ऊब हवी असेल, तर मध्य प्रदेश पर्यटन मंडळाच्या योजनेतील ग्रामीण होमस्टेचाही विचार करावा. तिथे सोयी कमी असतात, पण मातीच्या अंगणात बसून यजमानांच्या घरचे जेवण मिळते.

पहिली रात्र एकच आरक्षित करावी आणि खोली प्रत्यक्ष पाहून दुसरी वाढवावी. लग्नसराई आणि मोठ्या सुट्ट्या वगळता लहान हॉटेलांत हे सहसा जमते. खोली मनास आली तर मालकाचा क्रमांक जपून ठेवावा. पुढच्या खेपेला त्याच क्रमांकावर थेट फोन करता येतो आणि आपल्या ओळखीच्या कोणाला तिकडे जायचे असले, तर त्यालाही तो देता येतो.