आमचे दोन दत्तक कारवानी

घोडेगावात माझी ओळख आता ‘मराठीचे सर’ अशी राहिलेली नाही. ‘ते बारीक कुत्र्यांचे सर’ एवढे म्हटले की बसस्थानकावरचा कोणीही माणूस आमच्या घराचा रस्ता दाखवतो. अठरा वर्षे फळ्यापुढे उभे राहून मला जे जमले नाही, ते दोन मुक्या जनावरांनी तीन वर्षांत करून दाखवले!

शेजारच्या आजींना मात्र या कीर्तीची लाज वाटते. ‘‘अरे, शिकलासवरलेला तू,’’ त्या कुंपणाशी येऊन म्हणतात, ‘‘महिन्याला पगार घेतोस, आणि कुत्र्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात! चतकोर भाकरी जास्त घातलीस तर काय बिघडेल?’’ आजींना मी कितीदा सांगितले की ही जातच अशी. शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसल्या तरच प्रकृती ठीक समजायची. आजींना ते पटत नाही. मी कॉलेजात गेलो की कुंपणावरून भाकरीचे तुकडे अलीकडे येतात, हेही मला ठाऊक आहे.

या जातीला कारवानी म्हणतात. फार पूर्वी पश्चिमेकडून येणाऱ्या काफिल्यांबरोबर हिचे पूर्वज दख्खनेत उतरले असावेत, असे मानतात. कारवान म्हणजे काफिला, त्यावरून हे नाव. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखी लांब लव असली, तर पश्मी. मुधोळ संस्थानात या कुत्र्यांची मोठी निगा राखली गेली. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहांना यांची जोडी नजर केली होती, असे सांगतात. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळच्या कुत्र्यालाही मान मिळाला. पुढे भारतीय लष्करानेही ही जात शिकवायला घेतली.

इंग्रजांचा ग्रेहाउंड आणि आपला कारवानी ही एकाच घराण्यातली पाती. दोघांची छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी, पाय लांब, तोंड निमुळते. दोघेही वासापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारे. ग्रेहाउंड भरधाव पळतो तेव्हा प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात आणि ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरचा वेग तो गाठतो. पण हा वेग घटकाभराचा. एवढे पळून झाले की उरलेला दिवस झोपण्यात घालवावा, अशी या घराण्याची रीत आहे. ती आमच्याकडे कटाक्षाने पाळली जाते.

आता दत्तकाची हकीकत. साताऱ्याचे दत्तक डलहौसीने १८४८ साली नामंजूर केले, हे आपण शाळेत शिकलो. आमच्या घरात डलहौसीचे काम सौभाग्यवतीकडे होते. तिने पहिले दत्तक नामंजूर केले, दुसरेही केले. आणि आज दोन्ही वारस तिच्याच गोधडीवर झोपतात!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. परसातल्या वाफ्यांसाठी मला लेंडीखत हवे होते. गावाबाहेरच्या एका रानात धनगराची मेंढरे बसली होती. मी दोन पोती घेऊन गेलो. पोती भरून झाली तेव्हा बिऱ्हाडाच्या कडेला एक करड्या रंगाचा कुत्रा तीन पायांवर उभा दिसला. पुढचा एक पाय मोडून वेडावाकडा सांधला गेला होता.

‘‘ह्यो काय आता पळायचा न्हाई, गुरुजी,’’ म्हातारा धनगर म्हणाला. ‘‘आमची रोजची चाल. ह्याच्यानं व्हत न्हाई. मागं ऱ्हायला, तर बिबट्या उचलंल. तुमच्याकडं बसून खाईल. न्या.’’

खताचे पैसे त्याने घेतले, कुत्र्याचे घेतले नाहीत. मात्र पोती रिक्षात चढवून झाल्यावर तो कुत्र्याजवळ बसला आणि त्याच्या मोडक्या पायावरून बराच वेळ हात फिरवीत राहिला. मी दुसरीकडे पाहत होतो. असा आमचा वाऱ्या घरी आला.

दुसरी हरणी. शहरातल्या एका गृहस्थाने इकडे बंगला बांधला आणि राखणीसाठी शोभिवंत कुत्री हवी म्हणून मोठी किंमत मोजून पिल्लू आणले. पिल्लू वाढले. दिवसभर साखळीला बांधलेले हे जनावर भुंकेना, कोणाच्या अंगावर जाईना. सुटले की मात्र तीन शेते ओलांडून जाई. एके दिवशी बंगल्याला कुलूप लागले आणि साखळी रिकामी राहिली. महिनाभर ती हॉटेलांच्या मागे उष्ट्यावर जगत होती. माझ्या एका विद्यार्थ्याने तिला दोरीला बांधून कॉलेजच्या फाटकाशी आणले आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्या वाऱ्याच्या भावकीतली दिसतेय.’’ मग काय करणार?

या दोघांचा गुन्हा एकच. ज्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या त्यांना घडवले, ते काम राहिले नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशा-हरणांची शिकार बंद केली. चांगलेच झाले, पण तो कायदा कुत्र्याच्या रक्ताला कोण वाचून दाखवणार? विलायतेत याचीच दुसरी तऱ्हा. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याच्या शर्यती सुरू झाल्या आणि त्यांचे मोठे वेड पसरले. पण शर्यतीचा कुत्रा चारपाच वर्षांचा झाला की थकतो, आणि आयुष्य तर दहा-बारा वर्षांचे. मधल्या वर्षांचे काय? त्या प्रश्नापोटी तिकडे १९७५ साली निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी एक विश्वस्त संस्था निघाली. पुढे अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याने मतदान घेऊन २०२० अखेर या शर्यतीच बंद केल्या आणि पळणारे कुत्रे घरोघरी गाद्यांवर झोपू लागले. आमच्याकडे तशी संस्था नाही. आमच्याकडे धनगराची माया आहे आणि विद्यार्थ्याची दोरी आहे.

आमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. दोघांना पट्टे लावून घोड नदीच्या बाजूला निघायचे. पट्टा कधीही सोडायचा नाही, हा पहिला नियम मी ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीला एकदा मोकळ्या माळावर हरणीला सोडले. दूर काहीतरी हलले. मी ‘हरणी’ यातला ‘ह’ उच्चारीपर्यंत ती ठिपक्याएवढी झाली होती. डोळ्याने शिकार करणाऱ्या जनावराला पळताना कान नसतात, असे समजावे. दोन तासांनी ती आपणहून परत आली, पण ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. आता एका ओळखीच्या शेतकऱ्याचे तारेचे कुंपण घातलेले पडीक रान आहे, तिथे आठवड्यातून दोनदा तिला मोकळी सोडतो. वाऱ्या माझ्याजवळ बसून तिचे पळणे पाहतो. त्याची मान तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत असते, आणि मधूनच त्याचा चांगला पाय मातीत थरथरतो.

नऊच्या सुमाराला मी कॉलेजला जातो. परत येईपर्यंत दोघे झोपलेले असतात. थंडी यांना सोसत नाही. अंगावर चरबी नाही, केस आखूड. आमच्याकडे पौष महिन्यात घोडेच्या काठाने गारठा चढतो, तेव्हा सौभाग्यवतीने जुन्या लुगड्यांची दोन अंगरखेवजा कुंची शिवली. ती घालून दोघे फिरायला निघाली, त्या दिवशी अर्धा गाव दारात उभा होता.

संध्याकाळ बागेची. बाग म्हणजे चार वाफे, थोडी शेवंती, झेंडू, घेवड्याचा मांडव आणि अळू. पूर्वी मी कागदावर आखून वाफे करीत असे. हरणी आली आणि तिने आपली आखणी केली. कुंपणाच्या कडेने ती रोज त्याच वाटेने पळे, आणि त्या वाटेतले प्रत्येक रोप जमीनदोस्त होई. मी काट्या रोवल्या, जाळी लावली, रागावलो. अखेर एक दिवस शहाणपण सुचले. तिची वाट तिला सोडून दिली, तीवर बारीक वाळू पसरली आणि वाफे आत घेतले. बाग हातभर लहान झाली, पण भांडण मिटले. दारची कण्हेर उपटून टाकली, कारण तिचे पान न् पान विषारी. हरळीवर जे पिवळे डाग पडतात त्यांवर मागोमाग बादलीभर पाणी ओततो. एवढ्या तडजोडी केल्या, तर कुत्रा आणि बाग एकत्र नांदतात.

पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती हरणीच्या जिवावर बेतली. गेल्या वर्षी नवरात्र संपताना शेवंतीला घालायला मी एरंडीची पेंड आणली. खत म्हणून ती उत्तम. शेवंतीच्या बुडाशी मूठ मूठ घातली आणि उरलेले पोते पडवीत ठेवले. कुत्र्याला पेंडीचा वास फार आवडतो. एरंडीच्या बियांत भयंकर विष असते आणि ते पेंडीतही राहू शकते, हे मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तो हरणी दाराशी आली नाही. ती वाफ्यात पडली होती. ओकाऱ्या चालू होत्या, परसाकडे रक्त पडत होते, आणि पोत्याचा कोपरा कुरतडलेला होता.

पशुवैद्य रात्री घरी आले. ‘‘याला उतारा नाही, सर,’’ त्यांनी स्पष्टच सांगितले. ‘‘सलाईन देत राहायचे. पोटातले जाईल तेवढे जाऊ द्यायचे. पुढचे दोन दिवस काढले तर काढले.’’ खुंटीला बाटली टांगून आम्ही रात्रभर बसलो. सौभाग्यवती तिचे डोके मांडीवर घेऊन होती. पहाटे ती एवढेच म्हणाली, ‘‘अहो, हिला घरात घेऊ नका म्हणून मीच भांडले होते ना?’’ मी काय बोलणार? पेंड तर मी आणली होती. वाऱ्या दारात बसून होता; दोन दिवस त्याने भाकरीला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी हरणीने मान उचलून भाताची पेज चाटली, तेव्हा कुंपणापलीकडे आजींनी देवापुढे साखर ठेवली.

ज्यांच्या घरी बाग आणि कुत्रा दोन्ही आहेत, त्यांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे. एरंडीची पेंड घरात आणू नये. निंबोळीची पेंड आणि चांगले कुजलेले शेणखत यांवर फुले काही वाईट येत नाहीत.

अंधार पडला की दोघे घरात आणि दाराला कडी. इथे त्याला पर्याय नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सारा टापू उसाचा, आणि उसात बिबट्या राहतो. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. माणसेही त्याच्या तावडीत सापडली आहेत, त्यामुळे या विषयावर इथे कोणी हसत नाही. पण मला बिबट्याचा रागही धड येत नाही. जंगल आटले आणि त्याने ऊस जवळ केला. आमच्या तालुक्याचे नाव आंबेगाव, आणि ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्या माणसांनी दुसरीकडे चुली मांडल्या. ठिकाण सुटले, काम सुटले, तरी जीव कुठेतरी राहतोच. त्याला जागा हवी असते.

परवा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने विचारले, ‘‘सर, मराठी घेऊन पुढं उपयोग काय?’’ २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण माझ्या वर्गातली मागची बाके रिकामीच आहेत. हा प्रश्न मला दरवर्षी पडतो आणि दरवर्षी मी नोकऱ्यांची यादी सांगतो. यंदा यादी सांगावीशी वाटली नाही. मी त्याला रविवारी घरी बोलावले. तो आला, बागेत बसला. वाऱ्या लंगडत गेला आणि त्याने आपले लांब डोके त्या मुलाच्या गुडघ्यावर ठेवले. तो कितीतरी वेळ त्याचे कान कुरवाळीत बसला. मग म्हणाला, ‘‘सर, हा काहीच करत नाही का?’’

‘‘काहीच नाही,’’ मी म्हणालो.

‘‘बरंय की,’’ तो म्हणाला, आणि हात काही त्याने काढला नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.

वाचकहो, आता दिवाळी आली. फटाके सुरू झाले की दोघे पलंगाखाली शिरतात आणि थरथर कापतात. म्हणून त्या चार संध्याकाळी आम्ही मधल्या खोलीची दारे-खिडक्या लावून घेतो, रेडिओ मोठ्याने लावतो आणि चौघे जमिनीवर गोधडी टाकून बसतो. गल्लीतली पोरे आता आपण होऊन फटाके कोपऱ्यावरच्या मैदानात नेतात. यंदा शेवंतीला चांगला बहर आहे. लक्ष्मीपूजनाची फुले घरचीच होतील, आणि त्यांतली निम्मी पलीकडे आजींच्या देवापुढे जातील.