रद्द करा की राहू द्या?

मैत्रिणींनो, संगणकाच्या पडद्यावर 'उघडा', 'छापा', 'ठळक' असे मराठी शब्द दिसतात ना, ते तिथे कोण लिहितं, असं कधी मनात आलंय तुमच्या? मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. पण फुकट मिळणारी आणि सगळ्यांना खुली असलेली जी सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांतले बरेच शब्द तुमच्या-माझ्यासारख्यांनीच लिहिलेले असतात. कुणी दुपारची आवराआवर झाल्यावर बसतं, कुणी मुलं झोपल्यावर. मोबदला काही नाही.

'लिबरऑफिस' हे असंच एक सॉफ्टवेअर. पत्रं लिहायला 'रायटर', हिशेबाला 'कॅल्क'. २०१० साली स्वयंसेवकांनी एकत्र येऊन 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था काढली, तिच्यामार्फत हे काम चालतं. दर वर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये याची नवी आवृत्ती निघते. त्याआधी जगभरच्या भाषांमधले लोक आपापल्या भाषेतला मजकूर पुरा करायला धडपडत असतात. आमचा सात जणींचा गट त्यातल्या मराठीला हातभार लावतो, आणि त्या सात जणींची मोट बांधायचं काम माझ्याकडे आहे.

मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई, सॉफ्टवेअरशी माझा काय संबंध? संबंध आला बचत गटामुळे. आमच्या गटांच्या संघाला एक जुना संगणक मिळाला. खजिनदार मावशी सातवी शिकलेल्या, पण व्याजाचा हिशेब तोंडी करतात. चूक शोधून दाखवा! त्यांची अडचण आकड्यांची नव्हतीच, इंग्रजी मेनूची होती. मग भाचीने मराठी लिबरऑफिस घालून दिलं. काही ठिकाणी मराठी, काही ठिकाणी तसंच इंग्रजी, तर काही ठिकाणी असं मराठी की त्यापेक्षा इंग्रजी बरं. हे कोण दुरुस्त करतं, असं विचारल्यावर भाची म्हणाली, "आत्या, तूसुद्धा करू शकतेस."

काम तसं दिसायला सोपं. इंटरनेटवर 'वेबलेट' नावाची जागा आहे. इंग्रजी वाक्य समोर येतं, त्याच्याखालच्या रिकाम्या चौकटीत आपण मराठी लिहायचं. अशी वाक्यं हजारोंनी. मी ती वाटून देते, कुणाचं कुठवर आलं ते वहीत लिहिते, एकीचं काम दुसरीकडून तपासून घेते. लग्नघरात जसं भाजी कोण चिरणार, पानं कोण वाढणार हे ठरवायला एक जण लागते, तसंच.

अडचण अशी की वाक्य सुटं येतं. मागचा-पुढचा संदर्भ नसतो. 'राइट' आलं तर ते उजवीकडचं की बरोबर या अर्थाचं? 'बुलेट'ला आमच्या कॉलेजच्या मुलीने 'गोळी' लिहिलं, तेव्हा सगळ्या हसल्या. पण यादीतल्या त्या काळ्या ठिपक्याला चटकन काय म्हणाल, सांगा बघू! वाक्यात मध्येच टक्क्याची खूण आणि आकडा येतो. तिथे संगणक नंतर स्वतःहून नाव भरतो. तो आकडा पुसला गेला की वाक्य लंगडं झालंच म्हणून समजा. त्या जागी 'फाइल' येणार असेल तर 'काढली', 'तक्ता' येणार असेल तर 'काढला', 'चित्र' असेल तर 'काढले'. इंग्रजीला लिंगाची ही कटकट नाही, आपल्याला आहे. शेवटी 'काढून टाकण्याचे काम पूर्ण झाले' असं सरकारी वळणाचं वाक्य लिहावं लागतं. मला ते आवडत नाही, पण ते कुठेही चुकत नाही.

आणि लिंगाचाच विषय निघाला म्हणून सांगते. 'तुम्ही बाहेर पडला आहात' असं लिहिलं की संगणकासमोर पुरुषच बसलाय असं आपण धरून चाललो. मावशी तर 'पडल्या' म्हणणार. आम्ही गटात नियमच केला: वाक्य असं फिरवायचं की वाचणारी बाई आहे की बुवा, हा प्रश्नच येऊ नये. 'तुम्ही हे करू शकता' दोघांनाही चालतं. 'बदल जतन केले नाहीत' हेही चालतं. डोकं लावलं की दहातली नऊ वाक्यं सुटतात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 'कॅन्सल'वर. फाइल बंद करताना संगणक विचारतो, बदल जतन करायचे का? खाली तीन बटणं: जतन करा, जतन करू नका, रद्द करा. मावशी तिथे अडून बसल्या. त्यांच्या अनुभवात रद्द होतो तो चेक, रद्द होतं ते रेशनकार्ड. "हे दाबलं तर महिन्याचा हिशेब रद्द होईल की गं!" असं म्हणून त्यांनी माऊस सोडून दिला. खरं तर तिन्हींमध्ये तेच बटण सर्वांत निर्धोक. काहीच होत नाही, आपण होतो तिथे परत येतो. मी 'राहू द्या' सुचवलं. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "हे काय स्वयंपाकघर आहे?" मला वाटतं, असायला हरकत काय? पण दुसऱ्या बाजूलाही वजन होतं. बाकी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एटीएमवरसुद्धा 'रद्द करा'च असतं. इथे वेगळा शब्द ठेवला तर बाई दुसरीकडे अडणार. शेवटी बटण तसंच ठेवलं, आणि वरचा प्रश्न नेमका आणि सोपा करायची सूचना नोंदवली.

बाईंना संस्कृत शब्दांची ओढ. त्यांना 'धारिका' हवी होती, आम्हाला 'फाइल'. शिवाजीमहाराजांच्या काळात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, हे त्यांनी बजावून सांगितलं. मी म्हटलं, बाई, तरीही जमा, खर्च, बाकी, रक्कम हे शब्द गेले का कुठे? मावशींची वही त्यांच्यावरच चालते. 'फाइल' राहिली.

एक गंमत वाटेल अशी गोष्ट. 'ॲप'मधला 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. अ आणि त्यावर चंद्र असा जोडून, किंवा एकच सबंध अक्षर म्हणून. ते सबंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. त्यामुळे शोधताना निम्मे शब्द सापडायचेच नाहीत. दोन रात्री त्यात गेल्या.

आवृत्ती जवळ आली की इंग्रजी वाक्यं गोठवतात, म्हणजे त्यांत आणखी बदल करत नाहीत. तेवढ्या अवधीत आपलं काम उरकायचं. गेल्या वेळी नेमकी तेव्हाच एकीकडे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दुसरीकडे परीक्षा. उरलेली वाक्यं चौघींनी वाटून घेतली. जे राहतं ते इंग्रजीतच दिसतं, आणि मावशी तिथेच थांबतात, हे ठाऊक असल्यावर झोप लागत नाही.

मेनूच्या मानाने मदतीचा मजकूर कितीतरी मोठा आहे, त्यातला बराच बाकी आहे. आणि 'फूटर' अजून लटकलेलाच आहे. पानाच्या तळाशी सगळीकडे दिसणारा तो मजकूर. 'तळटीप' म्हणावं तर ते नाव 'फूटनोट'ने आधीच घेतलंय. रत्नागिरीची मैत्रीण 'पायथा' म्हणते, बाई मान हलवतात. तुमच्याकडे बोलण्यातला एखादा शब्द असेल तर जरूर कळवा.