शेगडी अंगणात, ऊन घरात

डिसेंबर लागला की निफाडचा पारा पहिल्या पानावर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा छापून आला की नाशिक जिल्हाभर हुडहुडी भरते. नांदगावची थंडी बातमीत फारशी येत नाही. ती पहाटे पाचला थेट अंगावर येते. कमी पावसाचा तालुका, कोरडी हवा, निरभ्र आभाळ. दुपारी स्वेटर काढून खुंटीला टांगावा इतकं ऊन, आणि पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. इथला हिवाळा रात्रीचा आहे, दिवसाचा नाही. एवढं ध्यानात घेतलं तरी घर थंडीला तयार करण्याबद्दलचे निम्मे घोळ मिटतात. मोबाइलवर फिरणारे बरेचसे सल्ले दिवसभर गारठलेल्या मुलखांचे असतात. पाणी गोठून पाइप फुटतील, त्यांना गुंडाळून ठेवा, हा सल्ला बर्फ पडतो तिथे ठीक. नांदगावात नळाला पाणी येण्याची काळजी असते, गोठण्याची नाही.

पहिला गैरसमज खिडक्यांचा. ‘थंडी आहे, खिडक्या लावूनच ठेवा’ म्हणत पुष्कळ घरं दिवसभर बंद असतात. मग घर तापणार कशानं? नांदगाव साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम 46 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या दारा-खिडक्यांतून ऊन खोलीत आतवर शिरतं. मे महिन्याच्या उत्तरार्धात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्या खिडकीतून आत डोकावतही नाही. म्हणजे उन्हाळ्यात लावलेले दक्षिणेचे जाड पडदे दिवाळीनंतर दिवसा बाजूला सारायचे. सकाळचे दहा वाजले की खिडक्या उघडायच्या आणि दिवेलागणीला लावायच्या. झोपताना लावून फार उपयोग होत नाही. सूर्य बुडाल्यापासून दहापर्यंत जी ऊब निघून जायची ती गेलेली असते.

‘आज आभाळ आलंय, रात्री जास्त गारठा पडणार,’ हे वाक्य ओट्यावर नेहमी ऐकू येतं. होतं बहुधा उलटं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे टाकत असते. ढग असले तर त्यातली बरीच परत खाली येते, आभाळ मोकळं असलं की निघून जाते. म्हणून चांदण्या लखलखीत दिसतात त्या रात्री कडाका वाढतो, आणि तो मध्यरात्री नव्हे तर सूर्योदयाच्या आसपास टोकाला पोहोचतो. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली सरकत सखल भागात साचते. नदीकाठच्या वस्तीला टेकाडावरच्या वस्तीपेक्षा पहाटे जास्त गारठा लागतो तो यामुळे. नदीच्या पाण्याला उगाच दोष देतात.

आता छप्पर. धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकला, घर पक्कं झालं, आता थंडी कसली, असं म्हणणारे भेटतात. धाब्याच्या घरात तुळया, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर; भिंतीही हातभर रुंदीच्या. अशा भिंतीत दुपारचं ऊन मुरायला आणि आतल्या बाजूला पोहोचायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे ऊब नेमकी रात्री हाती येते. चार-पाच इंचांचा स्लॅब तीन-चार तासांतच ती देऊन टाकतो. संध्याकाळी खोली छान वाटते, पहाटे तोच स्लॅब गार पडलेला असतो. धाबी पुन्हा बांधा असं मी म्हणत नाही; गळकं धाबं आणि त्यातले उंदीर ज्यांनी सोसले त्यांना ते सांगणं सोपं नाही. पण पलंग स्लॅबघराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवण्यापेक्षा आतल्या भिंतीला लावला तरी फरक कळतो.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. पत्रा रात्री आभाळाकडे उष्णता फेकतो आणि बघता बघता खोलीतल्या हवेपेक्षा गार होतो. पहाटे बॅटरी मारून पत्र्याच्या आतल्या अंगाला पाहा, बारीक थेंबांची रांग दिसेल. माणसांच्या श्वासातली, चुलीवरच्या पातेल्यातली वाफच तिथे जमते. पत्रा गळतोय असं वाटून लोक वर डांबर लावतात, गळती नसतेच. आणखी एक समजूत अशी की पत्र्याला चुना मारला की उन्हाळा-हिवाळा दोन्ही सुटतात. चुना उन्हाळ्यात चांगलाच. पण रात्रीची उष्णता बाहेर टाकण्यात पांढरा चुना चकचकीत नव्या पत्र्यापेक्षा पुढे असतो, त्यामुळे थंडीत त्याची मदत नाही, झाला तर थोडा तोटाच. खरा उपाय पत्र्याखाली. वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा प्लायवूड लावलं की मधली कोंडलेली हवा काम करते. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो झटकन पेट घेतो; चूल, शेगडी असेल त्या खोलीत नकोच.

ही कोंडलेली हवा म्हणजेच गोधडीचंही गुपित. ‘जितकी जड तितकी उबदार’ हे खरं नाही. वर्षानुवर्षं दाबून गठ्ठा झालेली गादी जड असते आणि गारही. पिंजारी कापूस पिंजून देतो तेव्हा वजन तेवढंच राहतं, जाडी मात्र वाढते आणि ऊब त्या जाडीत असते. ऊन दाखवायचं ते ओल जावी म्हणून, कारण ओला कापूस ऊब धरत नाही. आणि दोरीच्या बाजेवर झोपणाऱ्यांनी एक गोधडी वर घेण्याऐवजी खाली अंथरून पाहावी. गारठा खालून येतो हे आजीला माहीत असतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज शेगडीचा आहे. ‘धूर होता तोवर बाहेर ठेवली, आता निखारे लाल झाले, आत घ्यायला हरकत नाही.’ हरकत आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि थंडीत झोप येणं कुणाला खटकत नाही. शेगडीशेजारी पाण्याची बादली ठेवली की वायू पाण्यात शोषला जातो, हेही सर्रास सांगितलं जातं. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खिडकीची फट ठेवली तरी झोपलेल्या माणसाच्या जिवाची हमी नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत झोपले आणि आठही दगावले. न्हाणीघरातला गॅस गिझर याच जातीचा. थंडी येते म्हणून झरोक्यात पुठ्ठा कोंबला की छोटीशी खोली सापळा होते. गिझर न्हाणीघराबाहेर हवा, बंब अंगणात, शेगडी ओट्यावर. कुणाला गरगरलं तर आधी उचलून मोकळ्या हवेत आणायचं, मग 108 ला फोन.

विजेच्या हीटरवर मात्र विनाकारण आळ येतो. तो ऑक्सिजन ‘खात’ नाही, कारण तिथे काही जळत नसतं. हवा कोरडी वाटते एवढंच. त्याचं दुखणं बिलाचं आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो, आणि फटी बुजवलेल्या नसतील तर ती ऊब दाराखालून निघून जाते. जुन्या गोणपाटाची वळकटी दाराशी सरकवायला काही खर्च येत नाही. अंघोळीची एक बादली रॉडने तापवायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज पुरते. रॉड पाण्यात असताना बोट बुडवून पाहायचं नाही, आधी बटण बंद करून पिन काढायची.

संक्रांत झाली की गोधड्या बांधून माळ्यावर टाकायची घाई होते. 2019 मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकचा पारा चार अंशांच्या आसपास उतरला होता. महाशिवरात्र त्या वर्षी 4 मार्चला होती. दरवर्षी महाशिवरात्रीपर्यंत तरी गोधड्या खालीच राहू द्याव्यात.