कान देणारी माणसं

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वळलं की नसरापूर लागतं आणि तिथून पुढे वेल्ह्याची वाट सुरू होते. राजगड-तोरण्याला निघालेले बरेच जण वाटेत बनेश्वरला थांबतात. दाट झाडी, गार सावली, कुंडातलं पाणी आणि पेशवेकालीन महादेवाचं देऊळ. तिथल्या घंटेखालून जाणारे पुष्कळ, पण ती निरखून पाहणारे थोडे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल कोरलेलं आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि देवळादेवळांत पोचल्या. वाईजवळ मेणवलीला एक आहे, भीमाशंकरला आहे, आणि एक ही इथली. माळेवर जप करणारे हात तिला वाजवतात, तेव्हा तिच्या आवाजात काही फरक पडत नाही.

घंटा काही सांगत नाही, ती फक्त थांबवते. कॅथलिक गावांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रार्थनेची घंटा होते. ती कानावर पडली की हातातलं काम ठेवून, मरियेला आलेल्या देवदूताच्या निरोपाचं स्मरण करायचं, ही जुनी रीत. दिवसातून तीनदा माणसाला गप्प करणारी ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. कारण ख्रिस्ती धर्माची आपल्याकडे जी ओळख झाली, ती बहुतांशी बोलणाऱ्यांचा धर्म म्हणून झाली.

ही ओळख होण्यात नसरापूरचाही वाटा आहे. १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या चार्ल्स रीव्ह यांनी 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' सुरू केलं. शहरं सोडून खेड्यांत काम करायचं हा त्यांचा हेतू मिशनच्या नावातच आहे. तेव्हाच्या भोर संस्थानात नसरापूर हे त्यांचं ठाणं झालं, पुढे तिथे दवाखानाही आला. मिशनरी म्हटलं की बाजाराच्या दिवशी उभा राहून उपदेश करणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण दवाखान्याच्या ओट्यावर उपदेशाचा क्रम उलटतो. तिथे आधी समोरचा बोलतो. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, घरी कोण आहे, हे सगळं परक्या माणसाने परक्या भाषेत समजून घ्यायचं असतं. मिशनच्या इतिहासात प्रवचनांच्या नोंदी राहतात, असल्या ऐकण्याच्या कुणी ठेवत नाही. माझ्या मते खरी सेवा त्या न नोंदलेल्या तासांत झाली.

बायबलमध्ये ऐकण्याला मोठं स्थान आहे. मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला रात्री हाक येते आणि तो तीनदा म्हाताऱ्या एलीकडे धावत जातो. हाक कुणाची, हे त्याला कळत नाही. कळतं ते एलीला, आणि तो पोराला सांगतो की आता पुन्हा हाक आली तर निजल्या जागीच उत्तर दे. ऐकायलाही गुरू लागतो, हे ही कथा किती सहज सांगून जाते! एलिया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर वादळात, भूकंपात, अग्नीत देव भेटत नाही. त्यानंतरच्या अगदी मंद स्वरात भेटतो. मार्था स्वयंपाकघरात राबत असते आणि तिची बहीण मरिया येशूच्या पायांशी ऐकत बसलेली असते. येशू मरियेची बाजू घेतो, तेव्हा घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला ते आजही थोडं टोचतं.

महाराष्ट्राला हे नवं वाटायचं कारण नाही. भोरहून वरंध घाट उतरलं की शिवथरघळ येते. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला, अशी परंपरा आहे. त्यातल्या नवविधा भक्तीच्या दशकात पहिला समास श्रवणभक्तीचा आहे. आमच्याकडे देव आधी कानांतून आला आणि डोळ्यांत नंतर उतरला.

म्हणूनच गोव्यात जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याच्या 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीला विचारतात की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही आता ऐकायचं काय? ही मागणी पुस्तकाची नव्हती, श्रवणाची होती. स्टीफन्सने ती ऐकली. उत्तर म्हणून त्याने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं आणि पुढे चर्चमध्ये मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. मराठीतला हा थोर ख्रिस्ती ग्रंथ श्रोत्यांच्या तक्रारीतून जन्मला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून खोल जाते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासोबत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणं सांगत असे. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत हे चित्र काढलं आहे. देवळात किंवा नदीकाठी बैठक मांडायची, संस्कृत पोथी सुरात वाचायची. येणारे जाणारे थांबत, नमस्कार करत, फुलं, धान्य, पैसे ठेवत आणि पुढे जात. अर्थ सांगायची गरज नसे, कारण कानावर पडलं की पुण्य लागतं ही श्रद्धा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले. ज्यांच्या मुखातून लोकांनी आयुष्यभर पुराण ऐकलं, त्यांची भूक कुणाला ऐकू आली नाही.

रमाबाईंचं पुढचं आयुष्य मला या एका अनुभवाचं उत्तर वाटतं. १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री डॉक्टर हव्यात असा आग्रह धरला. बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगू शकत नाहीत आणि न सांगताच मरतात, हे त्यांचं म्हणणं. दुखणं सांगायला समोर ऐकणारं माणूस हवं, इतकी साधी ती मागणी होती. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-विधवा होत्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. शाळा न पाहिलेल्या बाईने नुसतं ऐकलं तरी कळावं, ही कसोटी. मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायका खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. न कळता ऐकण्यातून कळून ऐकण्याकडे एका बाईने केलेला हा प्रवास आहे, आणि त्यात तिचं उभं आयुष्य गेलं.

बायकांना आपल्याकडे 'ऐकून घे' हे नेहमीच सांगितलं जातं. ते ऐकणं वेगळं. त्यात दम खाणं आहे, साधना नाही. ज्याला उलट बोलायची मुभा आहे, त्याने आपणहून गप्प राहणं ही साधना. तेव्हा ऐकण्याचा उपदेश आधी पाळकांना, धर्मगुरूंना, नवऱ्यांना आणि सासवांना करावा, असं मला मनापासून वाटतं.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील निसटतो. आगगाडीत एक परका युरोपियन प्रवासी त्यांच्या डब्यात होता. तो अदबीने बोलला, संस्कृत काव्याविषयी टिळकांशी त्याचा संवाद रंगला, आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. नवा करार वाटणारे पुष्कळ होते, पण पुस्तक देण्याआधी मराठी कवीचं बोलणं मन लावून ऐकणारा तो एक निघाला.

याच ऐकण्याचं शास्त्र सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी बांधलं. त्यांची 'आध्यात्मिक साधना' तीस दिवसांची असते. साधकाला रोज भेटणाऱ्या मार्गदर्शकाने कमी बोलावं, देव आणि साधक यांच्या मधे येऊ नये, अशी तिथे सूचना आहे. शिवाय आरंभीच एक अट आहे: समोरच्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा, लागत नसेल तर त्यालाच विचारावं. कुटुंबातली निम्मी भांडणं या अटीने मिटतील.

ही परंपरा पुणे जिल्ह्यात नव्याने रुजवली फादर अँथनी डिमेलो यांनी. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने सत्तरच्या दशकात पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ च्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकात आवाजांचा एक अभ्यास आहे. अंगठ्यांनी कान बंद करायचे, काही वेळ आपल्याच श्वासाचा आवाज ऐकायचा, मग हळूच हात काढून भोवतालचे सगळे आवाज येऊ द्यायचे, मोठे, बारीक, जवळचे, लांबचे. त्यांना नावं ठेवायची नाहीत आणि हाकलायचंही नाही. १९९८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. पण हा अभ्यास कुठल्याही वादापलीकडचा आहे.

तो करायला वेल्ह्यासारखी जागा नाही. दिवाळीच्या सुमारास कानद खोऱ्यात भाताची कापणी चालू असते. तोरण्याच्या पायथ्याला बांधावर डोळे मिटून बसावं. आधी लांबून चढावर गिअर बदलणारी एसटी ऐकू येते. मग विळ्याची कचकच, पेंढी आपटल्याचा धप आवाज, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. त्यांच्याही खाली ओढ्याचं पाणी असतं. ते सुरुवातीपासूनच वाहत होतं, कान तिथवर पोचायला वेळ लागतो. प्रार्थनेतही हेच होतं. आपल्या मागण्यांचा गलबला आधी निवावा लागतो. आणि जो ओढ्यापर्यंत थांबू शकतो, तो समोर बसलेल्या माणसाच्या पहिल्या तक्रारीखालचं दुसरं दुखणंही ऐकू शकतो. जर्मनीत हिटलरच्या काळात गुप्तपणे पाळक घडवणाऱ्या डीट्रिख बोनहोफर यांनी १९३९ मध्ये हेच बजावलं होतं: ज्याला भावाचं ऐकवत नाही, त्याला लवकरच देवाचंही ऐकवेनासं होतं.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत आज काय चाललं आहे? गीत, निवेदनं, प्रार्थना, पुन्हा गीत, लांब संदेश, आणि आता त्यावर ध्वनिक्षेपकांच्या भिंती. मोकळा क्षण आला की कुणीतरी कीबोर्ड वाजवतो, जणू शांतता म्हणजे कार्यक्रमातली चूक. गृहभेटीला आलेले पाळक चहा होईपर्यंत घरच्यांची विचारपूस करतात आणि मग वचन उघडतात. आजारी माणसाचं बोलणं अर्ध्यावरच राहतं. हे बदलायला समिती नको, ठराव नको.

दिवाळी झाली की काही आठवड्यांत आगमनकाळ येईल, नाताळाआधीचे चार रविवार. माझी सगळ्या पाळकांना आणि धर्मगुरूंना कळकळीची विनंती आहे की, या चार रविवारी संदेश पाच मिनिटं आधी संपवा, वाद्यं खाली ठेवायला सांगा, आणि ती पाच मिनिटं मंडळीला नुसतं बसू द्या.