एमआरआयचा चुंबक रात्रीही जागा असतो

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हाही अतिसंवाहक चुंबक असलेल्या एमआरआय यंत्राच्या पोटात तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस असते. द्रवरूप हेलियमने गार केलेल्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेत विजेला रोधच उरत नाही. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. त्यातून १.५ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त ताकदीचे चुंबकीय क्षेत्र तयार होते. १९११ मध्ये हॉलंडच्या कॅमरलिंग ओनेस यांनी पाऱ्यात प्रथम पाहिलेली ही अतिसंवाहकता.

गंमत अशी, की जिच्यापासून एवढा चुंबक बनतो, त्या अतिसंवाहकतेचे चुंबकत्वाशी वैर आहे. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात आणि जोडीतल्या दोघांची फिरकी परस्परविरुद्ध असते. चुंबकत्व दोघांना एकाच दिशेला वळवू पाहते. जोर वाढला की जोडी फुटते. म्हणून अशा तारेला किती चुंबकत्व सोसवेल, याला मर्यादा असते.

मग हे दोघे एकत्र नांदूच शकत नाहीत का? मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी जानेवारी १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांचा नवा अतिसंवाहक जाहीर केला. निकेल हा स्वतः चुंबकीय धातू, म्हणून नवल अधिक. पुढे इट्रियमच्या जागी एर्बियम घातले, तेव्हा सुमारे उणे २६२ अंशांना अतिसंवाहकता आली आणि उणे २६७ च्या आसपास चुंबकत्वही जागे झाले. तरी जोड्या टिकल्या. कारण शेजारच्या अणुचुंबकांची तोंडे उलटसुलट असतात आणि त्यांचा जोर एकमेकांत जिरतो. या पदार्थांपासून एमआरआय बनत नाही; पण वैर कुठे मिटते, हे त्यांनी दाखवले.

रुग्ण आणि नातेवाइकांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपासणी संपली, आवाज थांबला, तरी चुंबक चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडरसह एमआरआय कक्षात गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून किल्ल्या, नाणी, मोबाइल, केसांच्या पिना बाहेर ठेवाव्यात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली धातूची क्लिप असेल तर आधीच सांगावे. कक्षाचे दार उघडे दिसले, तरी तंत्रज्ञाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.